आर्किमिडीजच्या पोथीच्या प्रतिमा व ‘प्रधान घटकां’चें गणित : एक परीक्षण

ग्रीक गणिती आर्किमिडीज याच्या ग्रंथांची जी एक खरवडलेली पोथी अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं वॉल्टर्स कलासंग्रहालयांत तपासण्यांत आली, तिच्या संशोधनाचे दोन मोठे खंड केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयानें २०११ सालीं प्रसिद्ध केले. त्यापूर्वींच, २००८ च्या ऑक्टोबरांत, त्या पोथीच्या सर्व प्रतिमा संशोधकांनीं जगापुढें खुल्या केल्या होत्या. ग्रीक भाषेंत प्रस्तुत लेखकाचा अधिकार नाहीं, आणि त्या खंडांतील ग्रीक वाचनावर मत देण्याचें धाडस तो करणार नाहीं. या लेखाचा विषय वाचनाच्या अलीकडची पायरी हा आहे. पोथीच्या पानापासून निघून वाचकाच्या डोळ्यापर्यंत जी प्रतिमा पोंचते ती कशी घडविली जाते, घडवितांना काय गाळलें जातें, आणि तें गाळण्याचा अधिकार कोणाचा, एवढेंच येथें पाहावयाचें आहे. जुन्या पोथ्या व दफ्तरें जतन करणाऱ्या आमच्या वाचकांपुढें हा प्रश्न आज ना उद्यां येणारच. म्हणून त्याची चर्चा या ठिकाणीं अस्थानीं होणार नाहीं.

पोथीची हकीकत थोडक्यांत अशी. दहाव्या शतकांत आर्किमिडीजच्या ग्रंथांची चर्मपत्रावर एक प्रत झाली. पुढें तेराव्या शतकांत तीं पानें सुटीं करून, शाई खरवडून व धुवून, जुन्या ओळींशीं काटकोन होईल अशा रीतीनें फिरवून, त्यांवर ख्रिस्ती प्रार्थनांचें पुस्तक लिहिण्यांत आलें. तें १२२९ सालीं पुरें झालें. १९०६ सालीं डेन्मार्कचे पंडित योहान लुडविग हायबर्ग यांनीं कॉन्स्टँटिनोपल येथें ती पोथी पाहिली, भिंग लावून पुसट अक्षरें वाचलीं, पानांचीं छायाचित्रें घेतलीं, आणि ‘पद्धति’ या नांवानें ओळखला जाणारा आर्किमिडीजचा ग्रंथ, जो इतरत्र कोठेंहि उरलेला नाहीं, तो विद्वानांपुढें ठेवला. नंतर पोथी नाहींशी झाली. ती २९ ऑक्टोबर १९९८ रोजीं न्यूयॉर्कच्या लिलांवांत पुन्हां प्रकट झाली व वीस लाख डॉलरांस विकली गेली. नांव गुप्त ठेवणाऱ्या त्या खरेदीदारानें १९९९ च्या आरंभीं ती अभ्यासासाठीं बाल्टिमोर येथें ठेवली. मधल्या नव्वद वर्षांत तिची दुर्दशा झाली होती. बुरशीनें पानें खाल्लीं होतीं, तीन पानें हरवलीं होतीं, आणि किंमत वाढावी म्हणून कोणा लबाडानें चार पानांवर ख्रिस्ती संतांचीं सोनेरी चित्रें नव्यानें रंगवून तीं जुनीं भासविलीं होतीं. पोथ्यांच्या बाजारांत वावरलेल्या आमच्या वाचकांस या शेवटच्या गोष्टीचें विशेष आश्चर्य वाटणार नाहीं.

आतां प्रतिमांकडे वळूं. २००७ सालीं जें सर्वांत पद्धतशीर छायाचित्रण झालें त्यांत प्रत्येक पानावर एकामागून एक बारा निरनिराळ्या रंगांचा उजेड पाडण्यांत आला. पहिला उजेड ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे जांभळ्यापलीकडचा अतिनील. शेवटचा ८७० नॅनोमीटरचा, म्हणजे तांबड्यापलीकडचा अवरक्त. बाकीचे दहा या दोहोंच्या दरम्यानचे. शिवाय पृष्ठभागाचा उंचसखलपणा दिसावा म्हणून तिरक्या उजेडांतहि कांहीं छायाचित्रें घेतलीं. कॅमेरा रंग ओळखणारा नव्हता, केवळ उजेडाची तीव्रता मोजणारा होता. त्याच्या एका छायाचित्रांत ७२१६ गुणिले ५४१२, म्हणजे ३,९०,५२,९९२ बिंदु असतात. प्रत्येक बिंदूस बारा उजेडांचे बारा आंकडे. म्हणजे एका छायाचित्रणांतून सुमारें सत्तेचाळीस कोटी आंकडे हातीं आले. आणि पोथीचीं पानें आहेत १७४, प्रत्येकास दोन बाजू.

बिंदूगणिक जे हे बारा आंकडे, त्यांसच शास्त्रज्ञ त्या बिंदूचीं बारा परिमाणें म्हणतात. परंतु मनुष्याच्या डोळ्यास रंग तीनच वाटांनीं कळतो, आणि संगणकाच्या पडद्यावरहि तांबडा, हिरवा व निळा असे तीनच रकाने भरावयाचे असतात. सारांश, बारा परिमाणांचीं तीन परिमाणें केल्यावांचून कोणासच कांहीं दिसणें शक्य नाहीं. हा संक्षेप टाळतां येत नाहीं. तो कसा करावा एवढेंच आपल्या हातीं आहे. हीच अडचण पृथ्वीचे फोटो घेणाऱ्यांस आधीं भेडसावली होती. १९७२ सालीं सोडलेल्या पहिल्या लँडसॅट उपग्रहांत चार प्रकाशपट्टे होते. पुढें अमेरिकेच्या अंतराळ संस्थेनें विमानांतून नेलेल्या ‘अव्हिरिस’ नांवाच्या यंत्रांत ते २२४ झाले. इतक्या आंकड्यांतून शेतें, खडक व पाणी ओळखतां यावें म्हणून ज्या गणिती युक्त्या तेथें रुळल्या, त्याच पुढें पोथीशाळेंत आल्या. हें मूळ ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. एखाद्या तालुक्यांतील गव्हाच्या पेऱ्याचा अंदाज करतांना चार बिंदु चुकले तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. पोथींत चार बिंदूंची एक मात्रा असते.

या युक्त्यांतील मुख्य ती ‘प्रधान घटकां’ची. तिचें बीज कार्ल पिअर्सन यांच्या १९०१ सालच्या एका निबंधांत आहे, आणि तिला आजचें रूप हॅरॉल्ड होटेलिंग यांनीं १९३३ सालीं दिलें. होटेलिंग यांनीं उदाहरणासाठीं शाळकरी मुलांच्या वाचनाच्या व अंकगणिताच्या परीक्षांतील गुण घेतले होते, हें वाचून जन्मभर गुणपत्रकें भरलेल्या प्रस्तुत लेखकास गंमत वाटली. युक्ति कठीण नाहीं. एका कल्पित उदाहरणानें ती स्पष्ट करतां येईल.

समजा, बाराऐवजीं दोनच उजेड आहेत, तांबडा व अतिनील. कोरें चर्मपत्र तांबड्यांत ९० व अतिनीलांत ८० इतका उजेड परत देतें. वरच्या प्रार्थनेची काळी शाई २० व १५ देते. खालची खरवडलेली शाई तांबड्यांत जवळजवळ नाहींशी होते, म्हणून तेथें ८०. परंतु अतिनीलांत चर्मपत्र स्वतःच निळसर झळकतें व तिच्या डागाखालीं तें झळकणें दबतें, म्हणून तेथें ३५. आतां प्रत्येकाच्या दोन आंकड्यांची बेरीज करा: चर्मपत्र १७०, वरची शाई ३५, खालची शाई ११५. नंतर वजाबाकी करा: चर्मपत्र १०, वरची शाई ५, खालची शाई ४५. बेरजेंत आंकड्यांचा पसारा मोठा आहे, ३५ पासून १७० पर्यंत. परंतु खालची शाई तेथें मध्येंच कोठें तरी लोंबकळते व वरच्या शाईच्या फिकट डागासारखी दिसते. वजाबाकींत पसारा लहान, ५ पासून ४५ पर्यंतच. परंतु तेथें कोरें पान व प्रार्थना हीं दोन्ही एका बाजूस पडून आर्किमिडीज एकटा दुसऱ्या बाजूस उभा राहतो. गणिताची युक्ति ढोबळमानानें हेंच करते. ज्या दिशेनें आंकड्यांचा पसारा सर्वांत अधिक ती पहिली, तिच्याशीं काटकोन करून राहिलेल्यांत जिचा पसारा अधिक ती दुसरी, अशा क्रमानें ती बारा दिशा मांडून देते. त्या दिशांनीं मोजलेले आंकडे म्हणजे प्रधान घटक.

येथें एक भेद नीट समजून घेतला पाहिजे, कारण प्रशंसक व टीकाकार दोघेहि त्याचा घोंटाळा करतात. बारा आंकड्यांच्या जागीं बारा घटक मांडले, इतक्यानें कांहींच हरवत नाहीं. मूळ आंकडे उलट गणितानें जसेच्या तसे परत मिळतात. नुकसान होतें तें पुढें, जेव्हां कोणीतरी म्हणतो कीं पहिल्या तीनांत बहुतेक सर्व पसारा आला, उरलेले नऊ टाका. भूमापनांत हा सल्ला पुष्कळदां योग्य असतो. पोथीच्या बाबतींत तो घातुक आहे, आणि का घातुक आहे तें वरच्या उदाहरणावरून उघड आहे. पानांतील सर्वांत मोठा पसारा कशाचा? कोठें पान उजळ, कोठें मळकट. कोठें मेणाचा ओघळ, कोठें बुरशी. आणि वरच्या शाईचा गडद काळेपणा. पहिला घटक बहुधा या सर्वांचें चित्र असतो. ज्यासाठीं एवढा खटाटोप केला तें पुसट अक्षर पसाऱ्याच्या हिशेबांत अगदीं गरीब असतें. तें तिसऱ्यांत, चौथ्यांत, क्वचित् त्याहूनहि खालीं, कॅमेऱ्याच्या रवाळ खरखरीला लागून सांपडतें. ही खरखर व तें अक्षर यांच्यामध्यें गणितानें कुंपण घातलेलें नाहीं.

गणिताला पसारा कळतो, अर्थ कळत नाहीं. आमच्याकडे पाठचिकित्सेचा जो सर्वांत मोठा उद्योग झाला, त्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या आवृत्तींत, हाच प्रश्न निराळ्या वेषांत उभा होता. तेथेंहि शेंकडों प्रतींचा संक्षेप करून एक संहिता सिद्ध करावयाची होती. नीलकंठाच्या टीकेसह असलेल्या देवनागरी प्रतींचा देशभर सुळसुळाट. शारदा लिपींतील काश्मिरी प्रति बोटांवर मोजण्याइतक्या. डोकीं मोजून निकाल लावला असता तर नीलकंठाचा पाठ सहज निवडून आला असता. डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांनीं तसें केलें नाहीं. त्यांनीं संख्येपेक्षां प्रतीचें कुळ व तिचें साक्षित्व पाहिलें आणि काश्मिरी शाखेस मान दिला. १९३३ सालीं पुऱ्या झालेल्या आदिपर्वाची त्यांची प्रस्तावना ज्यानें वाचली आहे, त्यास प्रधान घटकांच्या युक्तींत कोठें सावध राहावें हें निराळें सांगावयास नको. आणि दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. सुखठणकरांनीं नाकारलेला पाठ फेंकून दिला नाहीं. तो त्याच पानावर तळटीपांत, कोणत्या प्रतींत आहे त्या खुणेसह, छापला. त्यांचा निर्णय ज्यास मान्य नसेल त्यास त्याच पानावर त्यांच्याशीं भांडतां येतें.

प्रधान घटकांच्या चित्रास अशी तळटीप आहे काय? चित्र करणाऱ्याच्या हातीं किती गोष्टी असतात तें पाहा. संपूर्ण पानाचे आंकडे गणितांत घेतले तर एक चित्र निघतें. पानांतील एका चौकोनाचेच घेतले तर दुसरें निघतें, कारण पसारा कोणत्या दिशेनें अधिक हें त्या चौकोनांत काय आलें यावर अवलंबून असतें. शितावरून भाताची परीक्षा करण्यास हरकत नाहीं. पण शीत हांडीच्या कोणत्या बाजूनें उचललें तें सांगावयास नको काय? प्रत्येक उजेडाचे आंकडे एका मापानें आणून मग गणित केलें तर घटक बदलतात. न आणतां केलें तर ज्या उजेडांत चढउतार अधिक त्याचें वर्चस्व होतें. घटकाचें चिन्ह, अधिक कीं उणें, हें तर सर्वस्वी ऐच्छिक; म्हणून एकाच्या चित्रांत अक्षर काळें तर दुसऱ्याच्या चित्रांत पांढरें येतें आणि दोन्हीं खरींच असतात. शेवटीं कोणते तीन घटक कोणत्या तीन रंगांत घालावयाचे, आणि उठाव किती द्यावयाचा, हें सर्वस्वी करणाऱ्याच्या डोळ्यावर. यांपैकीं एकहि निवड निंद्य नाहीं. परंतु प्रत्येक निवड संपादकाची आहे, आणि तिचा उल्लेख चित्राबरोबर नसेल तर तें चित्र पाठ देणारें आहे, पाठभेद न देणारें.

१९८८ सालीं ग्रीन व त्यांचे सहकारी यांनीं पसाऱ्याऐवजीं खरखरीच्या मानानें खऱ्या संकेताचें प्रमाण पाहून घटक लावण्याची रीति सुचविली, आणि ती पुष्कळ सुधारलेली आहे. तथापि तिलाहि खरखर म्हणजे काय हें आधीं ठरवावें लागतें. शेजारशेजारच्या बिंदूंतील एकाएकीं होणारा फरक म्हणजे खरखर, असें सामान्यतः धरतात. बोरूच्या टोकानें ओढलेली बारीक रेघहि शेजारच्या बिंदूहून एकाएकींच निराळी होते, हें बोरू धरलेल्या माणसास सांगणें नको.

आर्किमिडीजच्या मंडळीचें कौतुक मला वाटतें तें याच ठिकाणीं. रॉजर ईस्टन, कीथ नॉक्स व विल्यम क्रिस्टन्स-बॅरी या प्रतिमाशास्त्रज्ञांनीं २००० सालाच्या सुमारास जे पहिले प्रयोग केले, त्यांत वरची प्रार्थना गणितानें पुसून टाकून खालचें ग्रीक तेवढें दाखविण्याचा उद्देश होता. चित्रें सुंदर झालीं, परंतु तीं वाचावयाचीं ज्यांना त्यांनींच नापसंत केलीं. कारण असें कीं, प्रार्थनेचें अक्षर जेथें खालच्या अक्षरावर पडलें होतें तेथें तें पुसल्यावर कोऱ्या पानासारखी मोकळी जागा दिसूं लागली. खालीं कांहींच लिहिलेलें नव्हतें कीं लिहिलेलें झांकलें गेलें होतें, हें वाचकास कळेना. ज्यांना अडथळा म्हणून दूर केलें तीं अक्षरेंच वाचकाचीं सीमाचिन्हें होतीं. पोथीवर हरताळ फासलेला असला म्हणजे खालीं कांहींतरी होतें एवढें तरी कळतें. येथें हरताळहि पुसला गेला! मग त्या मंडळीनें साधा मार्ग धरला. तांबड्या उजेडांतील चित्र तांबड्या रकान्यांत घातलें आणि अतिनील उजेडांतील चित्र हिरव्या व निळ्या रकान्यांत घातलें. प्रार्थना दोन्हींत काळी, म्हणून काळीच राहिली. आर्किमिडीज तांबड्यांत अदृश्य व अतिनीलांत गडद, म्हणून तो तांबूस होऊन उठला. दोन्ही लिखाणें दिसतात, आणि कोणतें कोणतें हें रंगावरून कळतें. बारांपैकीं दोनच उजेड घेतलेला हा संक्षेप गणिताच्या दृष्टीनें अगदीं गांवढळ आहे. परंतु त्यांत काय कोठें घातलें हें शाळेच्या पोरासहि सांगतां येतें, आणि वाचकाला चित्रांतील तांबडेपणाचा अर्थ ठाऊक असतो. आमच्या मतें त्या चित्रांचा मुख्य गुण तो हा. प्रधान घटकांसारख्या युक्त्या, हा साधा मार्ग जेथें खुंटतो तेथेंच काढाव्यात.

हा वाद निव्वळ तंत्राचा नाहीं. ‘पद्धति’ ग्रंथाच्या चौदाव्या प्रमेयांत हायबर्ग यांस न वाचतां आलेला भाग होता. २००१ सालीं रेव्हिएल नेट्झ व केन सैतो यांनीं त्यांतील कांहीं ओळी लावल्या, आणि त्यांवरून असें दिसून आलें कीं आर्किमिडीज तेथें अनंत संख्येच्या दोन समूहांची परस्परांशीं तुलना करून ते संख्येनें समान असल्याचें मानतो. ग्रीक गणिती प्रत्यक्ष अनंताला स्पर्शच करीत नसत, हें शतकभर चालत आलेलें मत या थोड्या ओळींनीं डळमळीत केलें. एवढा मोठा निष्कर्ष ज्या अक्षरांवर उभा, तीं अक्षरें शाईचीं कीं बुरशीचीं, हें ठरविण्याचें साधन प्रत्येक वाचकाच्या हातीं असलेंच पाहिजे. संपादकावरील विश्वास ही निराळी गोष्ट, आणि पुरावा ही निराळी.

आतां दुसऱ्या प्रकारच्या युक्त्या पाहूं, ज्यांत गणिताला आधींच शिकविलें जातें. वाचकानें पानावर बोट ठेवून सांगावयाचें कीं हे बिंदु खालच्या शाईचे, हे वरच्या शाईचे, हे कोऱ्या चर्मपत्राचे. आणि गणितानें हे वर्ग जास्तींत जास्त दूर पडतील अशी दिशा शोधावयाची. या मार्गाचा पाया रोनल्ड फिशर यांनीं १९३६ सालीं घातला; त्याच वर्षीं आमच्या प्रशांतचंद्र महालनोबीस यांनीं समूहासमूहांतील अंतर मोजण्याची आपली प्रसिद्ध रीति मांडली. येथें अर्थ पसाऱ्याच्या वर बसतो, हा मोठा लाभ. पण दोषहि त्याच्याच पोटांत आहे. मीं जें अक्षर म्हणून शिकविलें त्याच्यासारखें तेवढेंच मला अक्षर म्हणून परत दिसणार. नैयायिक ज्यास अन्योन्याश्रय म्हणतात तोच हा: वाचन प्रतिमेवर टेकलेलें, प्रतिमा वाचनावर टेकलेली. दुसऱ्या लेखकाच्या हातची, निराळ्या शाईची एखादी समासांतील टीप त्या पानावर असेल, तर ती तिन्ही वर्गांत न बसल्यामुळें मुकी राहील.

भाषा परिचयाची असते तेथें हा दोष कांहीं अंशीं भरून निघतो, कारण व्याकरण व छंद हे वाचकाच्या मदतीस येतात. जेथें भाषाच अपरिचित तेथें काय? सिनाई पर्वताच्या पायथ्याच्या सेंट कॅथरीन मठांत दोन खरवडलेल्या पोथ्यांखालीं कॉकेशस पर्वताच्या प्रदेशांतील ‘अल्बानियन’ भाषेचें लिखाण सांपडलें. ही भाषा युरोपांतील अल्बानियाची नव्हे, तिच्याशीं तिचा नांवापुरताहि संबंध नाहीं. त्या पोथ्या मिळेपर्यंत तिचे कांहीं तुटक शिलालेखच काय ते ठाऊक होते. त्यांची पहिली आवृत्ति २००८ सालीं निघाली व पुढें नव्या छायाचित्रणानें आणखी शब्द हातीं आले. अशा ठिकाणीं वाचकाजवळ प्रतिमेखेरीज दुसरा गुरु नाहीं. जो घटक गाळला त्यांतच नवा शब्द असूं शकतो, आणि तो गाळला गेला हें सांगणारें जगांत कोणी असत नाहीं.

एका जागचा मळ दुसऱ्या जागीं पुरावा कसा होतो याचें उत्तम उदाहरण आर्किमिडीजच्या पोथींत नसून डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या रोजनिशींत आहे. हे प्रवासी १८७१ सालीं मध्य आफ्रिकेंत न्यांग्वे गांवीं अडकून पडले असतां त्यांचा कागद व शाई दोन्ही संपलीं. त्यांनीं ‘स्टँडर्ड’ नांवाच्या लंडनच्या एका जुन्या वृत्तपत्राच्या पानांवर, छापील ओळींवरच आडवें, वनस्पतींपासून केलेल्या शाईनें लिहिलें. ती शाई उडाली व छापा ठसठशीत राहिला. १५ जुलै १८७१ रोजीं त्या गांवच्या बाजारांत गुलामांच्या व्यापाऱ्यांनीं केलेली कत्तल त्यांनीं डोळ्यांनीं पाहिली व ती या पानांवर टिपली. जगानें ती वाचली मात्र मागाहून केलेल्या स्वच्छ प्रतीवरून, त्यांच्या मृत्यूनंतर १८७४ सालीं होरेस वॉलर यांनीं छापलेल्या पुस्तकांत. २०११ सालीं एड्रियन विस्निकी यांच्या नेतृत्वाखालीं, बाल्टिमोरच्याच प्रतिमाशास्त्रज्ञांपैकीं कांहींचें साह्य घेऊन, मूळ पानें वाचून प्रसिद्ध करण्यांत आलीं; आणि मूळ टिपण व छापील हकीकत यांत, विशेषतः लिव्हिंग्स्टन यांच्या स्वतःच्या तांड्यांतील माणसांच्या वर्तनाबद्दल, फरक असल्याचें निदर्शनास आलें. मराठी वाचकांस ही रोजनिशी सर्वस्वी परकी नाहीं. १८६६ सालीं ते या शेवटच्या सफरीवर निघाले तेव्हां नाशिकजवळच्या शरणपूर येथील मिशनच्या शाळेंत शिकलेले आफ्रिकी तरुण त्यांच्याबरोबर होते.

याच मंडळीनें पुढें १८७० च्या रोजनिशीवर प्रधान घटकांची युक्ति चालविली. परंतु निराळ्या हेतूनें. तेथें लिखाण बहुतांशीं वाचतां येत होतें. त्यांना हवे होते डाग: पाण्याचे थेंब, घड्यांच्या खुणा, मागाहून दुसऱ्या शाईनें केलेल्या भरी, म्हणजे तीं पानें कोणत्या हातांतून व कोणत्या हवेंतून गेलीं त्याचा इतिहास. आर्किमिडीजच्या वाचकानें मळ म्हणून ज्याच्याकडे डोळेझांक केली असती तेंच येथें साधन ठरलें. संग्राहकांनीं यावरून एवढें ओळखावें कीं, बारा परिमाणांपैकीं निरुपयोगी कोणतें हा प्रश्न पोथीला विचारतां येत नाहीं; तो विचारणाऱ्याच्या प्रश्नाला विचारावा लागतो, आणि पुढचा विचारणारा कोणता प्रश्न घेऊन येईल हें आज कोणास माहीत?

म्हणून २००८ सालीं बाल्टिमोरच्या मंडळीनें जें केलें त्याचें महत्त्व २०११ च्या खंडांपेक्षां तसूभरहि कमी नाहीं, असें आमचें मत आहे. त्यांनीं घडविलेल्या चित्रांबरोबर मूळ बारा उजेडांचीं कच्चीं छायाचित्रेंहि, कोणतें कोणत्या तरंगलांबीचें या खुणेसह, कोणीहि वापरावीं अशा अटीवर देऊन टाकलीं. छापील खंडांत सर्व बारा देणें अशक्यच होतें. तेथें वाचनासमोर घडविलेलें चित्र आहे, तेवढें पुरे. परंतु खंड एकटा वाचणारानें तें चित्र म्हणजेच पान असें समजूं नये. कच्च्या चित्रांचें मोल काय तें हायबर्ग यांच्या छायाचित्रांनीं सिद्ध केलें आहे. तीं १९०६ सालीं एका कामासाठीं घेतलीं. नंतर सोनेरी चित्रांखालीं जें दडलें तें चित्रें नव्हतीं तेव्हां काय होतें, हें त्याच छायाचित्रांनीं दाखविलें व लबाडी उघडी पाडली. शेवटीं त्या चित्रांखालचें लोह शोधण्यासाठीं स्टॅनफर्ड येथें तीव्र क्ष-किरणांचा प्रयोग करावा लागला. तो स्वतंत्र विषय आहे.

आमच्याकडील पद्धति याहून फारशी निराळी असूं नये. सरदेसाईंनीं पेशवे दफ्तरांतून ४५ भाग निवडून १९३० ते १९३४ या काळांत छापले, तेव्हां त्यांनींहि एका अफाट राशीचा संक्षेपच केला. पण निवड झाल्यावर बाकीचे रुमाल कोणीं जाळले नाहींत, म्हणून आजहि त्या निवडीचा दोष दाखवितां येतो. संगणकांतील राशीच्या बाबतींत मात्र रुमाल जाळण्याचा मोह मोठा आहे. वर दिलेल्या मापानें एका छायाचित्रणाचीं बारा कच्चीं चित्रें सुमारें चौऱ्याण्णव कोटी बाइट जागा खातात. तीन घटक ठेवून बाकीचें पुसलें कीं तें चौथाईवर येतें. हजार पानांची पोथी असली म्हणजे ही बचत कोणाहि खजिनदारास भुरळ घालील.

तेव्हां आपल्या पोथीचें असें छायाचित्रण करूं देतांना संग्राहकानें कांहीं गोष्टी आधींच लिहून घ्याव्यात. कच्चीं चित्रें सर्वच्या सर्व मिळावींत, आणि त्यांबरोबर पांढऱ्या पट्टीचें एक चित्र त्याच उजेडांत घेतलेलें असावें, म्हणजे दिव्याचा कमीजास्तपणा मागाहून वजा करतां येईल. घडविलेल्या प्रत्येक चित्राखालीं कोणते उजेड, कोणता चौकोन, कोणते घटक व कोणत्या रंगांत, एवढें एका ओळींत लिहिलेलें असावें. संपादक जेथें शंकास्पद अक्षर स्वीकारील तेथें तें कोणत्या चित्रांत दिसलें याची खूण त्यानें तळटीपेंत द्यावी, जशी प्रतीची खूण आपण देतों. आणि बारांपैकीं एखादा प्रकाशपट्टा निरुपयोगी म्हणून पुसावयाचाच असेल, तर तसें पोथीच्या मालकास लेखी कळवून, त्याची संमति आल्यावरच तो पुसावा.